शेवटच्या कडव्यातलं नाव

राजापेठ, अमरावती
१६ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
मायाचा सविनय जय भीम वि. वि.

इकडे सर्व ठीक. सोबत वही पाठवते आहे. अकरा गाणी आहेत, अकराही मीच लिहिलेली. अकोल्याच्या मंडळानं १२ एप्रिलचा जयंतीचा कार्यक्रम मला एकटीला दिला, तुमच्या गायन पार्टीला नाही, म्हणून रुसू नका. रंगला तर मंडळवाले वर्षभर गावोगावी नेणार आहेत. मग ट्यूशन क्लासची नोकरी सोडून गाणंच करायचं ठरवलं आहे. नाही रंगला तर पोरांना समास शिकवत म्हातारी होईन.

नेहमीसारखं लाल पेनानं तपासा. फोनवर सांगू नका. तुम्ही चाल गुणगुणता आणि मी माझीच चाल विसरते. शेवटच्या कडव्यात कवीच्या नावाच्या जागी रिवाजाप्रमाणे गुरूचं, म्हणजे तुमचंच नाव घातलं आहे. बीपीची गोळी आईनं आठवण देण्याआधी घेत जा.

लोभ आहेच, तो लाल शाईतही असू द्यावा.
तुमची माया


बार्शीटाकळी
२७ फेब्रुवारी २०२५

चि. माया हिस,
बाबाचा जय भीम आन मंगल कामना.

वही पाह्यली. तीन दिवस दुसरं काई केलं नाई. तुहं लिवनं साधं हाये वो माय, स्टेजवर एवढं साधं चालत नाई. तिसऱ्या गान्यात तू लिवलं का आई जिनिंगमधून घरी आली तवा तिच्या केसाईत कापूस होता. थो कापूस मी काढला आन ‘त्यागमूर्ती माउली’ टाकलं. पब्लिकले वजनदार शब्द लागते. चार-पाच चाली बी बदलल्या.

एकटी बसली तर घाबरशीन, म्हून पेटीवर मी सोताच बसतो. कडवं चुकलं तर सांभाळून घेईन. आता दर रविवारी एसटीनं येतो, तालमीले तयार राह्यजो. तुही आई म्हन्ते का पोरीले दम घेऊ द्या. तिले गान्यातलं काय समजते.

तब्येतीले जपजो.
तुहा बाबा


राजापेठ, अमरावती
९ मार्च २०२५

तीर्थरूप बाबांस,
सविनय जय भीम.

आज तुम्ही तालीम घेऊन गेलात. समोर बोलता येत नाही म्हणून लिहिते. काल महिला दिनाला वस्तीतल्या विहारात तुम्ही बदललेली गाणी गायले. टाळ्या पडल्या. शेजारच्या पार्बताबाईंनी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, डोळे मिटले की जानरावच गातात असं वाटतं. त्यांना कौतुकच करायचं होतं. मी घरी येऊन खूप रडले.

बाबा, आईच्या केसांतला कापूस मी पाहिला आहे. त्यागमूर्ती मी कधी पाहिली नाही. वही सोबत पाठवते आहे, मला माझे शब्द आणि माझ्या चाली परत हव्या आहेत. आणि अकोल्याला तुम्ही पेटीवर बसू नका. हे वाक्य मी चारदा खोडलं. नाव मात्र तुमचंच राहील. तुम्ही असताना कडव्यात माझं नाव घालायचं जिवावर येतं.

रागवा, पण अबोला धरू नये ही विनंती.
तुमची माया


बार्शीटाकळी
२१ मार्च २०२५

चि. माया हिस,
जय भीम.

राग आला, खोटं कायले बोलू. चार दिवस पेटीले हात लावला नाई. तुह्या आईसंगं बी बोललो नाई, तिचा काई गुन्हा नसून. मंग तिनंच इचारलं का तुमाले तुमच्या उस्तादानं कवा मोकळं केलं.

थे मी आजवर कोनाले सांगतलं नाई, तुले सांगतो. पुंजाराम उस्ताद होते तवा मी चाळीसेक गानी लिवली. उस्ताद असताना आपलं नाव कसं घालावं, म्हून साऱ्याईत ‘सांगे पुंजाराम’. उस्तादाले वाटे, पोरगा आपलाच हाये, राहू दे. थे गेले. आज अकोटपर्यंत थे गानी लोकाईच्या तोंडी हायेत, आन पुंजारामाची म्हून हायेत. त्यातलं माहं एक बी नाई. लय दुखते वो माय. आन तेच मी तुह्यासंगं करून राहिलो होतो.

वही वापस पाठवतो. माहे शब्द खोडले, तुहे जसेच्या तसे ठेवले. अकराही गान्यातला ‘जानराव’ खोडला आन जागा खाली सोडली. तिथं ‘माया’ टाकलं तर दोन मात्रा कमी पडतीन. त्या कशा भराच्या थे मी सांगनार नाई. लय सुचून राह्यलं, पन सांगनार नाई.

रविवारी येत नाई. जीव तुह्यापाशीच हाये, एवढं समजून घेजो.
तुहा बाबा


राजापेठ, अमरावती
१३ एप्रिल २०२५

तीर्थरूप बाबांस,
सविनय जय भीम.

काल कार्यक्रम झाला आणि मंडळानं पुढचे सहा लगेच ठरवले. परवा क्लासला राजीनामा देते. पहिल्या गाण्याच्या शेवटी नाव आलं तेव्हा जीभ अडली, पण म्हटलं. त्या दोन मात्रा मी शब्दांनी भरल्याच नाहीत, तिथं नुसता श्वास घेतला. कापसाच्या ओळीला मागच्या बाया उभ्या राहिल्या.

आई पहिल्या रांगेत होती. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. कुठं आहात म्हणून विचारलं तर ती नुसती हसली. पेटीवर बसू नका म्हटलं होतं बाबा, येऊच नका असं नव्हतं म्हटलं. मला फार लागलं.

उत्तराची वाट पाहते.
तुमची माया


बार्शीटाकळी
१७ एप्रिल २०२५

चि. माया हिस,
जय भीम.

आलो होतो. तुह्या आईसंगं एकाच बसनं आलो. मंडपात शिरलो नाई. मी समोर दिसलो असतो तर तू हरेक कडव्याले माह्या तोंडाकडं पाह्यलं असतं, आन मान हलवल्याबिगर मले बी राह्यवलं नसतं. म्हून रस्त्यापलीकडं चहाच्या टपरीवर बसलो, भोंग्याच्या समोर. सारं ऐकलं. पाचव्या गान्याची चाल मी बसवली असती तर एवढी चांगली बसली नसती.

पयल्या गान्याच्या शेवटी तुहं नाव आलं. चहावाल्यानं इचारलं का बाबा, कावून रडून राहिले. मी त्याले सांगतलं का माही पोरगी चौतीस वर्साची हाये, आन आज तिचं बारसं झालं.

तुहा बाबा