ओरखडा की रेघ

१२ नोव्हेंबर
दुपारी पुष्पा दुकानात आली. माझ्या नेटच्या दुकानासमोर तिची गाडी थांबली की अख्खी बाजार लाइन बघते. म्हणे, "माले, तुहं ते धुळीचं काय हाय, मले पण दाखव." तिला सांगितलं कोणी? आमच्या ह्यांनीच, आणखी कोण. तिच्या गिरणीत मुनीम आहेत, हिशेबाबरोबर घरच्या बातम्याही पोचवतात.
दाखवते म्हटलं. मुनिमाची बायको नाही कशी म्हणणार?

१३ नोव्हेंबर
पु.ला शिकवलं. अवकाशातली धूळ पकडायला एक यान गेलं होतं. काचेसारख्या, पण हलक्या जेलीत कण घुसतो आणि मागे बारीकशी रेघ सोडतो. त्या जेलीचे सूक्ष्मदर्शकातले फोटो इतके, की शास्त्रज्ञ पुरे पडेनात. म्हणून नेटवरून जगभरच्या रिकामटेकड्यांना वाटून दिले. "म्हणजे आपल्यासारख्याइले," पु. हसून म्हणाली. आपल्या? मी गिऱ्हाईक सांभाळून, लोडशेडिंग सांभाळून पावसाळाभर डोळे फोडले, आणि ही कालची आलेली 'आपण' झाली.
खूण सांगितली. चित्राशेजारची पट्टी खाली सरकवली की नजर जेलीत खोल जाते. ओरखडा वरवरच असतो, खाली गेलं की विरतो. खरी रेघ आत उतरते. म्हणून पट्टी शेवटपर्यंत खाली न्यायची, मगच ठरवायचं.
आणि मी शहाणीने हेही सांगून टाकलं, की पहिल्यांदा ज्याला सापडेल त्याने त्या कणाला नाव द्यायचं. कशाला सांगितलं?

१९ नोव्हेंबर
धानाचा सीझन, तरी बाईसाहेब रोज हजर. तीन नंबरचं मशीन आता तिचंच झालं. पोरं नोकरीचे फॉर्म भरायला येतात, तिला बघून बाहेर उभी राहतात. पैसे देते, नाही असं नाही. उलट जास्तच देते. त्याचाही राग येतो.
शाळेत ती पहिली, मी दुसरी. रांगोळीत ती, धावण्यात ती. तिच्या सासऱ्याने गिरणी काढली, तिलाही हिचंच नाव. आमच्या घरातल्या तांदळाच्या कट्ट्यावर, त्या पोत्यावर, 'पुष्पलता' छापलेलं आहे, मधे कमळ. रोज आधण ठेवताना वाचते. सगळं तुमसर तिच्या नावाचा भात खातं. धूळ तेवढी माझी होती.

२७ नोव्हेंबर
मधेमधे सरावाची चित्रं येतात, आपली नजर तपासायला. त्यांचे गुण मिळतात. आज पु.चे गुण माझ्यापुढे गेले. पेढे घेऊन आली. एक खाल्ला, बाकीचे बाहेर उभ्या पोरांना वाटून टाकले.
ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुले काहून एवढं लागून राहिलं? धूळच तं हाय." धूळच तर आहे. ह्यांना काय कळणार.

५ डिसेंबर
आज
नीट लिहायला हवं. चारच्या सुमारास, दुकान रिकामं. पु.ने हाक मारली. "माले, इकडे ये. हे पाय."
पाहिलं. खालच्या कोपऱ्यात जेलीचा टवका उडालेला, तांदळाच्या कणीसारखा. वर डावीकडे एक गोल ठिपका. मी पट्टी थोडी खाली नेली, ठिपका तिथेच. आणखी थोडी नेली.
"मले तं रेघच वाटून राहिली," ती म्हणाली. "पण तू सांग. तुहा डोळा पक्का हाय."
मी म्हटलं, "ओरखडा हाय."
"पक्का?"
"पक्का."
तिने 'काही नाही' दाबलं. चित्र गेलं. मग आम्ही चहा प्यायलो, तिने तिच्या सुनेच्या तक्रारी सांगितल्या, मी हो हो केलं.

६ डिसेंबर
ओरखडाच असेल. असे फसवे ठिपके कितीतरी येतात. आणि एकच चित्र अनेकांकडे जातं, खरी रेघ असेल तर दुसरं कोणीतरी पकडेलच. कोणाचं नुकसान नाही.
पण पट्टी मी अर्ध्यावरच थांबवली होती. जे पुढे दिसेल ते मला बघायचं नव्हतं.

११ डिसेंबर
पु. आली, ते चित्र काही डोक्यातून जात नाही म्हणाली. "रेघ निघाली असती तं नाव काय ठेवलं असतं, सांगू?"
मला वाटलं, पुष्पलता. कट्ट्यावर आहे, आता आभाळातही.
"दोघीचं ठेवलं असतं. तुहं पयले. शिकवलं तं तूच ना."
डोळ्यात पाणी यायला हवं होतं. आला तो संतापच. इथेही तीच देणारी, मी घेणारी. माझं नाव पुढे लावायचं तेही तिच्या मर्जीने. घरी येऊन भांडी आपटली.

२० डिसेंबर
दुकानातच लिहिते आहे.
आज माझ्या मशीनवर तेच चित्र आलं. तोच टवका, कणीसारखा. तोच ठिपका.
या वेळी पट्टी शेवटपर्यंत नेली. रेघ आत उतरते. स्वच्छ, सुईने भोसकल्यासारखी. टोकाला काळं काहीतरी आहे.
रेघ आहे. तिचीच होती. मी खोटं बोलले.
रेघेवर दाबलं तर नोंद माझ्या नावावर. पहिली, एकदाची. पण मी धरलेल्या रेघेचं चित्र साइटवरच्या माझ्या पानावर राहणार, आणि पु. तो टवका लगेच ओळखेल. 'काही नाही' दाबलं तर कोणाला कळणार नाही. मला सोडून.
आज चारला लाइन जाणार. चित्र तसंच जाईल, परत येईलच असं नाही. जाऊ द्यावं का? तेवढाही दोष माझ्यावर राहणार नाही, लोडशेडिंगवर जाईल.
तिची गाडी थांबली बाहेर. ड्रायव्हरला काहीतरी सांगते आहे. आत आल्या आल्या विचारेल, "माले, काही सापडलं का?" रोज विचारते.
तिच्यासाठी खुर्ची ओढून ठेवली आहे. तीन नंबरपुढे ठेवू की माझ्या मशीनपुढे, ते अजून ठरत नाही. सध्या मधेच आहे.