ताडपत्रीवरची मशाल

प्रिय बाबा,

तुमचा निरोप मिळाला. फोन मुद्दामच केला नाही. तुम्ही मध्येच “अगं, शांत हो” म्हणाला असतात, आणि मला आज अजिबात शांत व्हायचं नाहीये. म्हणून इथल्या शाळेच्या मैदानातल्या तंबूत, औषधांच्या खोक्यावर कागद ठेवून लिहितेय.

भूकंपाची बातमी आली तेव्हा आपलं विद्यापीठ कसं धावलं होतं! वसतिगृहातल्या मुलींनी स्वतःची पांघरुणं दिली. रसायनशास्त्राचे तिरसट सर, जे कुणाला खडूचा तुकडा देत नाहीत, ते पाठीवर पोती वाहत होते. तेही कधी न पाहिलेल्या परदेशातल्या माणसांसाठी. तिथे शिकवते याचा मला तेव्हा अभिमान वाटला. मी विद्यार्थ्यांची तुकडी घेऊन पुढे आले, तंबूंच्या ताडपत्र्या मागून येणार होत्या. आल्या त्या वरातीमागून घोडं तशा. का, तर कुलगुरूंना प्रत्येक ताडपत्रीवर विद्यापीठाचं मशालीचं बोधचिन्ह हवं होतं. छापलेलं फोटोत पुसट दिसतं, म्हणून जाड कापडाची मशाल कापून शिवलेली. आणि शिवली कुठे? मधोमध! नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच. सुई गेली तिथे तिथे भोक, आणि तंबू उभारला की ती सगळी भोकं ऐन माथ्यावर.

माझ्या शेजारच्या तंबूत एक पाववाली राहते. तिची भट्टी कोसळली, मुलगा अजून सापडलेला नाही. सून याच मैदानात बाळंत झाली. बाळाला ती पावाच्या ट्रेमध्ये निजवायची, मऊ कपडे घालून. परवा दुपारी पाऊस आला आणि पाणी थेट मशालीतून बाळाच्या छातीवर. मी धावत गेले तर बाई वर बोट दाखवून विचारत होती, हा तुमचा देव का? दुभाष्यानं सांगितलं, देव नाही, हिचं विद्यापीठ आहे. त्यावर ती म्हणाली, मग त्याला सांगा, माझ्या नातवावर मुतू नकोस. दुभाषा हसला. मला हसता आलं नाही. बाळ आता डॉक्टरांच्या तंबूत आहे, छाती घरघरतेय, कालपासून दूध ओढत नाही.

बाबा, कुलगुरूंना हे कळलं नसेल, मी मान्य करते. पण तुम्हाला? माझ्या शाळेच्या रेनकोटची शिवण उसवली की आई टाके घालायची आणि तुम्ही त्यावर मेणबत्ती घासत बसायचात. सुईचं भोक म्हणजे पाण्याला दार, हे तुमचंच वाक्य. आज इथे माझी मुलं छावणीतल्या मेणबत्त्या घेऊन तेच करतायत. तुम्ही कुलसचिव. मशाल शिवायची ठरली त्या बैठकीत तुम्ही होतात, कागदावर सही तुमची आहे. आणि तुम्ही मूग गिळून बसलात! निवृत्तीला आलेल्या माणसाला कसली एवढी भीती? आई म्हणायची ते खरं, ह्यांना सगळं कळतं, फक्त वेळेवर तोंड उघडत नाही.

आणि एवढं होऊन तुमचा निरोप काय, तर वार्षिक अहवालासाठी मशालीखाली हसणाऱ्या कुटुंबाचा फोटो पाठव, आणि दुसरी खेप शिवायला टाकतोय, या वेळी मशाल मोठी. फोटो पाठवतेय, परतणाऱ्या मुलांच्या हाती. हसणारं कुणी नाही त्यात. वर मशाल, तिला लोंबलेला थेंब, खाली पावाचा रिकामा ट्रे आणि त्यात ठेवलेलं पातेलं. हा फोटो तुम्ही स्वतः बैठकीत टेबलावर ठेवायचा आणि आपलं ते सुईचं वाक्य मोठ्यानं म्हणायचं. शिलाई थांबली पाहिजे. पाववाली मला रोज विचारते, तुझ्या घरी कळवलंस का? आज तिला हो म्हणून सांगणार आहे.

तुमचीच, पण आत्ता भयंकर चिडलेली,
ठकी