बेअरिंगची घरघर

३ मार्च

लागली एकदाची! अकराव्या किकला. आणि लागल्या लागल्या असा काही आवाज केला की शेजारच्या मावशी टॉवेल गुंडाळलेल्या डोक्यानेच बाहेर आल्या. "अगं, भंगार फोडतेस की काय?"

मावशी, भंगार नाही हो! बाबांची डर्ट बाइक आहे. चाळीस वर्षांपूर्वी मातीच्या शर्यती मारायचे ते हिच्यावर. आता अर्धांगवायूच्या झटक्यानंतर वाचा गेली, दोन महिने झाले केअर सेंटरमध्ये पडून आहेत. डॉक्टर म्हणाले, ओळखीचे आवाज ऐकवा, शब्द परत येतील. आता बाबांना माझ्यापेक्षा हिचाच आवाज जास्त ओळखीचा!

५ मार्च

इंजिनचा आवाज फोनवर भरून नेला. बाबांनी डोळे मिटून ऐकला. मी निघायला उठले आणि — बोलले! जीभ जड, पण मला नीट कळलं. घरघर.

रडलेच मी. लहानपणी मला गॅरेजमध्ये स्टुलावर बसवून हेच घोकून घ्यायचे — टकटक म्हणजे पिस्टनची पिन, खडखड म्हणजे पिस्टन, घरघर म्हणजे क्रँकचं बेअरिंग. पडल्या पडल्या निदान केलं माझ्या बाबांनी!

९ मार्च

रजा वाढवली. बेअरिंगसाठी अख्खं इंजिन खोलावं लागतं. बाबांची खोली रिकामीच, म्हणून पसारा तिथेच मांडला. पलंगावर जुनी चादर टाकून ब्लॉक, पिस्टन, गिअर सगळं ओळीने लावून ठेवलंय. एक वॉशर कुठून निघाला, देव जाणे.

१४ मार्च

नवं बेअरिंग बसवलं. जोडलं. आवाज तोच!!

१५ मार्च

आवाज पुन्हा भरून नेला, ऐकवला. निघताना हात घट्ट धरून — घरघर.

म्हणजे दुसऱ्या बाजूचं बेअरिंग.

१७ मार्च

लेथवाले काका येऊन ऐकून गेले. बाबांचे जुने दोस्त. "पोरी, कसली घरघर? ही सरळसरळ टकटक आहे. पिन बघ." म्हटलं, काका, बाबांचा कान आहे तो! काका डोकं खाजवत राहिले. मग म्हणाले, "हो, ते पण खरंच."

२२ मार्च

पुन्हा सगळं खोललं. दुसरं बेअरिंगही बदललं. बोटांची सालटी निघाली. आवाज जसाच्या तसा. दुपारभर खाली फरशीवर बसून राहिले. काही सुचत नाही. काही म्हणजे काहीच नाही.

२३ मार्च

घरघर. आज चिडून म्हणाले. मीही ओरडले, "बदललं हो बाबा! दोन्ही बदलली! आता काय करू मी?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आजारी माणसावर ओरडले. लाज वाटतेय.

२८ मार्च

तिसऱ्यांदा खोललं. क्रँक काकांकडे नेला. त्यांनी फिरवून फिरवून बघितला, "तसूभर वाकडा नाही." मग माझं न ऐकता पिन बदलली. आवाज गेला! पाच मिनिटांचं काम.

काका खूश. मला मात्र रडू कोसळलं. बाबा चुकले. वाचा गेली ती गेली, आता कानही गेला. मग राहिलं काय त्यांचं? काकांनी पाणी आणून दिलं.

२९ मार्च

गडबडीत फोन घरीच राहिला. काहीच ऐकवलं नाही. नुसती बसले. निघायला उठले तर बाबांनी बाही पकडली. आज मध्ये दम लागला त्यांना. "घर," म्हणाले. श्वास घेतला. मग पुन्हा, "घर."

आणि मी तीनदा इंजिन खोललं!