बक्षीसपत्रातली अट

अप्पा,

आज मी माझं घर लेकाच्या नावावर केलं. तुम्ही केलं होतं तसंच, बक्षीसपत्र करून, फक्त एक कलम जास्त घालून. तुम्ही असता तर जेवणाचं ताट सरकवून उठला असता. उठला असता तर उठला असता. तुम्हाला खूश ठेवायचं माझं वय गेलं, आणि तुम्ही तर कधीच गेलात.

तुमच्या बक्षीसपत्राचा दिवस आठवतो. सोलापुरात वकिलाच्या त्या खोलीत आपण तिघं बसलोय. भवानी पेठेतलं घर तुम्ही तुमच्या लेकाला, अण्णाला देताय, मी कुर्डुवाडीहून संमतीच्या सहीपुरती आलेय. वकील समजावतोय, "देखभालीची अट घालू या. मुलानं सांभाळलं नाही, तर घर परत मागता येतं. म्हातारपण लांबलं तर औषधं आली, माणूस ठेवणं आलं." अण्णा खिडकीबाहेर बघतोय. आणि एमआयडीसीतल्या आपल्या मागांवरचे टॉवेल उधार देताना सख्ख्या साडूचीही सही घेणारे तुम्ही भडकता. "पोटच्या पोराला अट घालू? मी काय गाळा भाड्यानं देतोय व्हय?" मी म्हटलं, "अप्पा, लिहू द्या की." तुम्ही माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. "तू गप. तुजं घर हितं न्हाय." मी सही केली, आणि रीतीप्रमाणे तुम्ही मला इरकल साडी दिलीत. हिरवी. काठ सुंदर होता, ते मात्र खरं.

पुढे तुमचं उजवं अंग गेलं, आणि वर्षाच्या आत अण्णा घर विकून पुण्याला गेला. तुम्हाला माझ्या दारात उतरवून म्हणाला, "चार दिवस ठेवून घे." ते चार दिवस तुमच्या मरणापर्यंत चालले. ह्यांच्या पगारात भागेना तेव्हा मी पाटल्या मोडल्या. तुमची वाचा गेली होती. उरला होता एकच शब्द, आईशी बोलायचात त्या कानडीतला, ब्याड. नको. भात ब्याड, औषध ब्याड, मी ब्याड. तुम्ही दिलेली ती साडी मी फाडली आणि तिचे तुकडे तुमच्याच खाली घातले. तुम्ही काठ ओळखलात, मी बघत होते.

प्रांत कचेरीत दाद मागायला गेले तर तिथली बाई म्हणाली, "अट लिहिलेली नाही, घर परत मिळायचं नाही. पण मुलाकडून महिन्याचा खर्च मागता येईल. अर्जावर वडिलांचा अंगठा आणा." मी शाई घेऊन तुमच्या खाटेशी बसले. डावा हात धडधाकट होता तुमचा. अर्ज अण्णावर आहे हे ऐकताच तुम्ही मूठ आवळलीत. मी एक बोट उघडलं की तुम्ही दुसरं मिटायचात. ब्याड, ब्याड. दोघांना घाम फुटला. शेवटी मी तुमच्या कानाशी वाकले. "तो यायचा न्हाय, अप्पा. तुमी मेला तरी सुदीक कामं आटपून यील." तुम्ही रडलात, पण मूठ सोडली नाहीत. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. आणि तो कामं आटपूनच आला.

म्हणून आज मी सगळं लिहून घेतलं. अन्न, औषध, अंथरुणाला खिळले तर माणूस, आणि न सांभाळल्यास बक्षीसपत्र रद्द. लेकानं दोनदा वाचलं. "आई, माज्यावर विश्वास न्हाय व्हय?" वकिलादेखत मी म्हणाले, "न्हाय." त्यानं मान खाली घालून सही केली. मला बरं वाटलं, अप्पा. तुमच्यापुढे खोटं कशाला बोलू?

घरी आल्यावर तो माझ्या गुडघ्यांना तेल लावायला बसला. रोजच लावतो, मी कधी सांगितलेलं नाही. आज मात्र मी त्याच्या हातांकडे बघत राहिले. हे मनानं चाललंय की कलमाच्या धाकानं, ते मला आता मरेपर्यंत कळणार नाही. तुम्हाला तुमचा मुलगा कळला तरी होता. हे पत्र त्याच्या हाती लागायच्या आत फाडून टाकीन. एवढंच सांगायचं होतं, की तो "दुखतंय का गं?" म्हणाला तेव्हा मी पाय ओढून घेतला, आणि तोंडातून तुमचाच शब्द निघाला. ब्याड.