नियुक्तीपत्राची दुसरी प्रत

सिस्टर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते एका अर्जाबद्दल. मी शारजात असते, रोल्लाजवळ, मुलाच्या घरी. इथल्याच औद्योगिक क्षेत्रातल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचं ऑफिस मी पंचवीस वर्षं सांभाळलं. आता निवृत्त आहे आणि मुलाच्या व्हिसावर राहते, म्हणजे तो इथे आहे तोवर मी इथे आहे. तो आणि सून ऑस्ट्रेलियाला जायचं म्हणतात. त्यासाठी दोघांच्या कौशल्याची तपासणी होते. पेपर लिहायचा नसतो. तुम्ही जे काम केलं म्हणता ते खरंच केलं का, हे तिथली एक संस्था कागदांवरून ठरवते आणि त्यावर गुण मिळतात. मुलगा एकटा थोडक्यात कमी पडतो. बायकोचं कौशल्य मान्य झालं तर तिच्यामुळे त्याला वरचे गुण मिळतात आणि दोघं पार होतात. पत्रिका जुळवतानाही एवढी कटकट नसते. तिथे निदान गुरुजी चहा पितात आणि काहीतरी तोडगा काढतात. इथे तोडगा नाही, आणि येत्या मार्चमध्ये मुलाचं वय एक पायरी ओलांडतं, मग त्याचे आणखी गुण जातात.

मागच्या महिन्यात सुनेच्या अर्जाचं उत्तर आलं. तिची आठ वर्षं धरली नाहीत. ती क्वांटिटी सर्व्हेअर, म्हणजे इमारतीला किती सिमेंट, किती लोखंड, किती मजुरी लागेल हे नकाशावरून मोजून काढणारी. आमच्या कंपनीत तिने आठ वर्षं हेच केलं. माझ्या समोरच्या टेबलावर नकाशे पसरून बसायची, जेवणाचा डबा उघडायला विसरायची, आणि साइटवरचा फोरमन लोखंड कमी पडलं म्हणून भांडायला आला की त्याला त्याच्याच डायरीतून उत्तर द्यायची. तिला आधी मी कामावर घेतलं आणि दोन वर्षांनी सून करून घेतलं. ऑफिसात लोक म्हणायचे, मॅडमनी प्रोबेशन पूर्ण करून घेतलं. पण तिच्या व्हिसावर आणि सरकारदरबारच्या करारावर लिहिलंय ‘सेक्रेटरी’. का, तर इंजिनियरकीच्या हुद्द्याला पदवीवर ती खरी असल्याचे मुंबई-दिल्लीचे शिक्के लागतात, त्याला वेळ जातो, आणि सेक्रेटरीचा व्हिसा कंपनीकडे तयार पडून होता. इथे सगळे हेच करतात. वेल्डर शिपाई म्हणून येतो, अकाउंटंट सेल्समन म्हणून. काम एक, कागद दुसरा. ते अर्ज कोण टाइप करायचं, सिस्टर? मी. तुमच्या शाळेत शिकलेल्या, एकही चूक नसलेल्या इंग्रजीत.

सून तेव्हा बावीस-तेवीसची. तिने विचारलं होतं, मॅडम, हे सेक्रेटरी का? मी म्हटलं, अगं, शिक्का पडू दे, नंतर बदलू. नंतर म्हणजे कधीच नाही. मालक वारले, पुतण्याने कंपनी विकली. नव्या लोकांकडे पत्र मागितलं तर तिथल्या मुलाने कॉम्प्युटरमध्ये पाहून सेक्रेटरी असंच लिहून दिलं. त्याचं काय चुकलं? मी जे भरलं तेच त्याला दिसलं. उत्तर आलं त्या दिवशी सून स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मी पाणी प्यायला गेले. तिने मान वर केली नाही. म्हणाली, “मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात, नंतर बदलू.” लग्न झाल्यापासून ती मला आई म्हणते. बारा वर्षांत पहिल्यांदा मॅडम म्हणाली.

तेव्हा मला तुम्ही आठवलात. सातवीचा शिवणाचा तास, खिडकीशी तुमचं टेबल, त्यावर तुमची बोथट कात्री. मी उशीचा अभ्रा आणलाय. काठाला बारीक उलटी टीप, ती घरी आईने घातलेली. तुम्ही वसईच्या, शिकवायचं इंग्रजीत आणि रागवायचं मराठीत हा तुमचा नेम. तुम्ही अभ्रा उजेडाकडे धरता, बोट फिरवता, आणि मारत नाही की ओरडत नाही. हळूच विचारता, “हे टाके तुझे आहेत?” मी हो म्हणते. तुम्ही अभ्रा आणि कात्री माझ्या हातात देता. “मग उसव. तुझे असतील तर पुन्हा घालता येतील.” अख्खा तास मी आईचे टाके उसवत बसले, आणि माझ्या हातून वाकडी-तिकडी टीप पडली तिला तुम्ही दहापैकी चार दिलेत. म्हणालात, चार तुझे आहेत. माझा तुमच्यावर वर्षभर राग होता. खरं सांगायचं तर अजून थोडा आहे. आई कापड निवडून, दिवसभर राबून बसली होती. तिला कुणी गुण दिले नाहीत.

पुढच्या आठवड्यात आम्ही दुबईतल्या देऱ्यात एका एजंटकडे गेलो. तिसऱ्या मजल्यावर ऑफिस, भिंतीवर कांगारू. मी म्हटलं, मी हिची वरिष्ठ होते, मी लिहून देते ही काय काम करायची. त्याने आमची आडनावं पाहिली आणि हसला. “आंटी, सास का लेटर कौन मानेगा?” पंचवीस वर्षं ज्या सहीवर माणसं विमानातून उतरली तिला आता किंमत नाही, कारण मी त्या मुलीला घरात आणलं. मग त्याने आवाज खाली आणून सांगितलं, जुन्या कंपनीचं लेटरहेड बनवून देतो, शिक्काही, खलास. मुलगा भिंतीवरच्या कांगारूकडे बघत बसला. तो थकलाय, सिस्टर, त्याला दोष देत नाही. सून उठून उभी राहिली आणि मराठीत म्हणाली, आठ वर्षं मी खरं काम खोट्या नावाने केलं, आता खरं नाव खोट्या कागदावर नको. एजंटला कळलं नाही, पण त्याने फाइल मिटली. निघताना म्हणाला, फेरविचाराला महिना आहे. त्या काळातला मालकाच्या सहीचा, कामं लिहिलेला एखादा अस्सल कागद असेल तर बघा. सुनेकडची नियुक्तीपत्राची प्रत घर बदलताना गेली होती. गाडीत मी म्हटलं, ऑफिस सोडताना मी काही जुने कागद आणले होते, शोधते.

त्या दिवसापासून मी शोधतेय. कपाट रिकामं केलं, पुन्हा भरलं. मुलगा चिडून म्हणाला, आई, तुला आम्ही जायला नकोच आहे. मी त्याला असं काही सुनावलं की तो जेवण टाकून खाली गेला. नात नऊ वर्षांची. तिने तिच्या इंग्रजीत विचारलं, आजी, आर यू कमिंग टू? मी मराठीत सांगितलं, अर्जात आजीचा रकाना नाही. ती म्हणाली, देन हू विल स्टे विथ यू? पुण्याचा फ्लॅट आहे, शेजारी चांगले आहेत, कामाला बाई मिळते. हे सगळं मी तिला सांगितलं, जणू तीच मला मार्चपर्यंत पुण्याला पाठवणार होती.

आम्ही प्रत्येकाची दोन नियुक्तीपत्रं करायचो, सिस्टर. एक सरकारला, एक आपल्या माणसाला. दुसऱ्यात खरा हुद्दा, खरी कामं, मालकाची सही, गोल शिक्का. ऑफिस सोडताना मला जुन्या फायली फाडायला सांगितल्या, तेव्हा सुनेच्या पत्राची ऑफिसची प्रत मी पर्समध्ये घातली. का, ते तेव्हा माहीत नव्हतं. आत्ता ती पाकिटात, मी हे लिहितेय त्या वहीखाली आहे. दुपारचे चार वाजलेत, सून साडेपाचला येते. आल्या आल्या चहाच्या कपाबरोबर हे पाकीट तिच्यासमोर ठेवीन. ते नक्की. ती हरखेल, मला आई म्हणेल, आणि विचारेल कधी मिळालं. देऱ्याहून आले त्याच संध्याकाळी मिळालं होतं, सिस्टर. आज अकरावा दिवस. पण मी तिला ‘आज’ असंच सांगणार आहे.