तीन किलो चिंचोके

मु. धारटी, जि. कांगडा, हिमाचल प्रदेश
२० जानेवारी २०२५

ती. दैवशाला आत्यास,
करिश्माचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, मी धडधाकट आहे. फोन आहे, रेंजही आहे. पण आपल्या घरात फोन म्हणजे गावचा भोंगा. आई स्पीकर लावते, शेजारच्या मिनाज भाभी भिंतीपलीकडून मध्येच सल्ला देतात आणि आप्पा उठून मेंढरांकडं निघून जातात. म्हणून मनातलं लिहायला तुमच्या अंगणवाडीचा पत्ता बरा. महारुद्र पोस्टमन पाकीट फोडणार नाही, एवढं फक्त त्याच्याकडून कबूल करून घ्या.

संस्थेनं आम्हा अकरा स्वयंसेवकांना इथल्या वेगवेगळ्या गावांत सहा महिन्यांसाठी ठेवलं आहे. मी ब्यासो अम्मांच्या घरी आहे. सकाळी बालवाडी, दुपारी बायकांच्या लोकर गटात मदत आणि उरलेल्या वेळात इथलं जगणं शिकायचं, अशी आमची सेवा. आजवर सेवा त्यांनीच माझी केली. ओलं लाकूड मला पेटवता येत नाही म्हणून अम्मा मला चुलीजवळ फिरकू देत नाहीत. माझं हिंदी मिनाज भाभींकडून शिकलेलं. मी नक्को म्हटलं की बालवाडीतली पोरं नक्को नक्को करत नाचतात. मी काही शिकवायच्या आधी तेवढं त्यांना आलं.

ही माणसं आपल्यासारखीच मेंढरंवाली. अम्मांचा नवरा कळप घेऊन खाली सपाटीला गेला आहे. तो चैत्रात येईल आणि मग कळप खिंड ओलांडून वरच्या कुरणांत जातील. एकवीस दिवसांची पायी वाट. आमच्यातल्या दोघांना बरोबर जायला मिळणार आहे आणि मला मेंढरं कळतात म्हणून संस्थेच्या ताईंनी माझं नाव धरलं आहे. अट एकच. वडिलांच्या हातचं संमतीपत्र दहा एप्रिलच्या आत इथं पोचलं पाहिजे. आत्या, बारावी पास होणंसुद्धा मला इतकं हवं नव्हतं.

पण मी निघाले त्या दिवसापासून आप्पा माझ्याशी बोललेले नाहीत. घरची मेंढरं सोडून दुसऱ्याची चाकरी करायला निघालेल्या पोरीशी काय बोलायचं, असं ते तुमच्यादेखतच म्हणाले होते. तुम्हीच काहीतरी करा.

दुसरं काम सोपं आहे. इथं मागावर ताण्याचे उभे धागे बिनखळीचे, चिंचोक्याची चिकट पेज न लावताच चढवतात. आप्पांच्या घोंगडीच्या मागावर वाढलेल्या पोरीला हे बघवत नाही. त्यांच्या पोत्यातले थोडे चिंचोके पाठवाल का? इथं मिळत नाहीत. खळ शिजवून, सुताला देऊन दाखवते. बायका खूश होतील.

माझ्यावर आहे ती माया तशीच राहू द्या, आणि त्यातली थोडी आप्पांच्या कानात घालता आली तर बघा.

तुमची,
करिश्मा

*

बेंबळी, ता. जि. धाराशिव
३ फेब्रुवारी २०२५

चि. करिश्मास,
दैवशालाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी तेवीस पोरांना खिचडी वाढत होते. वाचता वाचता एकाला दोनदा वाढली आणि एकाला वाढलीच नाही. त्यानं भोकाड पसरलं तेव्हा भानावर आले. महारुद्रनं पाकीट न फोडण्याचं कबूल केलं आहे. उन्हासमोर धरून बघणार नाही, असं मात्र तो म्हणाला नाही.

तू म्हणालीस म्हणून दादांकडं विषय काढला. म्हटलं, करिश्माच्या गावाला लई थंडी आहे म्हणं. ते म्हणाले, कोण करिश्मा? त्यावर वहिनी चुलीपासून म्हणाल्या की, तुमचंच नाक घेऊन जन्मलेली एक पोरगी होती या घरात, ती. दादा उठून मेंढरं मोजायला गेले. हल्ली दिवसातून चारदा मोजतात. चाळीसच भरतात.

तू त्यांच्यावर रुसू नकोस. एक सांगते, कधी कुणाला सांगितलं नाही. मी अठरा वर्षांची असताना तेरला जुन्या वस्तू सापडल्या, त्या साफ करून मांडायला आमच्या शाळेतल्या चार मुली हव्या होत्या. बाईंनी माझं नाव काढलं होतं. दोन महिने तेरला राहायचं होतं. दादांनी नाही म्हटलं, असं मी सगळ्यांना सांगत आले. खरं म्हणजे मी त्यांना विचारलंच नव्हतं. ते नाहीच म्हणतील, असं मीच ठरवलं आणि वर त्यांच्यावरच वर्षभर रुसून राहिले. आजही एसटी तेरला थांबली की मी खिडकीबाहेर बघत नाही. म्हणून संमती तुझी तू मागायची. मी मध्ये पडणार नाही.

चिंचोके पाठवले आहेत. तू थोडे म्हणालीस, पण मला थोडं जमत नाही. तीन किलो आहेत. दादा बाजारला गेले होते तेव्हा काढले आणि पोतं हलवून पुन्हा फुगवून ठेवलं. महारुद्रनं पार्सल हलवून बघितलं आणि पोरीला खडे कशाला पाठवता म्हणून विचारलं.

गार पाण्यानं डोकं धुऊ नकोस. जिथं आहेस तिथं सगळ्यांची लाडकी राहा, आमची तर आहेसच.

तुझी,
दैवशाला आत्या

*

धारटी
२२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
करिश्माचा शि. सा. न. वि. वि.

सगळं वाटोळं झालं.

अम्मा दोन दिवस भाचीच्या लग्नाला गेल्या. जाताना ताणा ताणून ठेवून गेल्या. नवऱ्याच्या नव्या चोल्यासाठी कापड विणायचं होतं. चोला म्हणजे मेंढपाळ वर जाताना घालतात तो घेरदार लोकरी अंगरखा. मी म्हटलं, येईपर्यंत करून ठेवू, चकित होतील. चिंचोके भाजले, फोडले, भिजवले, वाटले, शिजवले. खळ फिरवायला आप्पांच्यासारखा कुंचा नव्हता, तेव्हा बालवाडीचा कोरा झाडू घेतला आणि खळीचे दोन हात दिले. वाळल्यावर ताणा असा कडक झाला की टिचकी मारली तर वाजायचा. आपल्याकडं असा ताणा बघून आप्पा मिशीत हसतात.

अम्मा आल्या, त्यांनी हात लावला आणि एकेक धागा बोटांत चोळून बघू लागल्या.

आपल्या घोंगडीला काटे सोसायचे असतात, पाणी झेलायचं असतं. यांचं कापड अंगाला बिलगायला हवं, म्हणून मऊ लोकर निवडण्यात त्यांचा सगळा हिवाळा जातो. तशी ती निवडताना मी रोज बघत होते. का निवडता, एवढंच विचारलं नाही. अम्मा रागावल्या नाहीत. हे माझ्या माणसानं अंगात घालायचं की दाराला लावायचं, एवढंच म्हणाल्या. गटातल्या बायका पोट धरून हसल्या. मीही हसले आणि मग गोठ्यात जाऊन रडले. तिथं एक बकरी पातेल्यातली उरलेली खळ चाटत होती. तिला आवडली. तिला एकटीलाच.

तशी लोकर आता पुढच्या कातरणीपर्यंत मिळणार नाही. एप्रिल लागताच त्यांचा नवरा येईल आणि जुनाच विरलेला चोला घालून बर्फातून जाईल, माझ्यामुळं. आत्या, मला घरी यायचं आहे. संमतीपत्राचा विषय सोडून द्या. कुठल्या तोंडानं त्या कळपाबरोबर चालू?

माझ्या वाट्याचं रागवून झालं की जवळ घ्या.

करिश्मा

*

बेंबळी
४ मार्च २०२५

चि. करिश्मास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

घरी यायचं नाही. हे आधी लिहिते, बाकीचं नंतर.

तुझं पत्र मी अंगणवाडीत वाचत होते आणि मान वर करते तर दादा समोर. पोत्यातले चिंचोके कमी कसे झाले, याचा जाब विचारायला आले होते. माझ्या हातात पत्र, डोळ्यांत पाणी. खोटं बोलायला वेळच मिळाला नाही. सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं, आता पोरांसमोर माझी धिंड निघते. पण ते पोरांच्या छोट्या खुर्चीवर बसले, गुडघे कानाला लागले, आणि विचारलं की किती हात दिले. मी म्हटलं, दोन. कशानं दिले म्हणाले. मी म्हटलं, झाडूनं. त्यांनी डोळे मिटून घेतले. एका पोरीनं त्यांना पाणी आणून दिलं.

मग तुझं नाव न घेता, भिंतीवरच्या अननसाच्या चित्राकडं बघत बोलले. कुणी असा गाढवपणा केलाच असंल, तर त्यानं ताण्याची दोन्ही टोकं आधी दोऱ्यानं बांधावी, न्हायतर असा गुंता हुईल की जन्मभर सोडवत बसावं लागंल. मग तो पाण्यात बुडवून ठेवावा. आंबूस वास सुटला म्हंजे खळ सैल झाली. पिळू न्हाय, तुडवू न्हाय, सावलीत वाळवावा. एवढं अननसाला सांगून ते निघून गेले.

पाणी कसं घ्यायचं ते बोलले नाहीत. पण माझ्या सुती साड्यांची कांजी मी कढत पाण्यानंच काढते, तेव्हा तू कढत घे.

आणि परत यायची भाषा पुन्हा काढू नकोस. दोन महिन्यांनी दादा तुझ्या बाबतीत एवढं बोलले, ते तुझ्या चुकीमुळं. शहाण्यासारखी वागली असतीस तर अजून मेंढरंच मोजत बसले असते.

तुझ्यावरचा लोभ तसाच आहे, जरा चिकट झालाय इतकंच.

दैवशाला आत्या

*

धारटी
१२ मार्च २०२५

ती. आप्पांस,
करिश्माचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या नावानं आहे. फाडायचं असेल तर आधी पुढचा परिच्छेद वाचा, तो लोकरीचा आहे.

आत्यांनी कढत पाणी लिहिलं. या वेळी थोडी अक्कल आली होती, म्हणून आधी मूठभर सुतावर करून पाहिलं. मूठभराचं आटून बोराएवढं झालं. ती गोळी पाकिटात घातली आहे. बाकीचा ताणा तसाच आहे, टोकं बांधून ठेवली आहेत. आता तुम्हीच सांगा. पाणी गार घ्यायचं की कोमट? इथं पाणी दिवसासुद्धा हाताला चावतं, त्यात आंबणार कसं? चुलीजवळ ठेवलं तर चालेल का?

आता माझं. अम्मांचा कळप वर जाईल तेव्हा मला बरोबर जायचं आहे. त्यासाठी तुमच्या हातचं संमतीपत्र लागतं. आत्यांना मध्ये घालणार होते, पण तुम्हाला विचारायचं धाडस नसेल तर खिंड चढायचं कुठून येणार?

घरची मेंढरं सोडून आले, हे खरं आहे. इथं पहिल्या आठवड्यात अम्मांच्या घरच्या चार मेंढ्यांना मी तुमच्यासारखी हाळी दिली. एकीनंही मान वर केली नाही. म्हातारा कुत्रा तेवढा उठून आला, माझ्याकडं कीव केल्यासारखं बघून परत गेला. त्या दिवशी मला तुमची लई आठवण आली.

तुम्ही नाही म्हणालात तर जाणार नाही. पण नाही म्हणायचं तर म्हणा. गप्प राहू नका आप्पा.

तुमच्या पायांवर डोकं ठेवते.

करिश्मा

*

बेंबळी
२० मार्च २०२५

चि. करिश्मास,
व्यंकटचा आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. गोळी बी मिळाली. ती दैवशालाच्या टेबलावर ठिवली हाय, रोज दिसावी म्हणून.

पाणी कोमट. कोपर बुडवलं तर पोळू न्हाय, एवढंच. चुलीजवळ ठेव, चुलीवर न्हाय. वाटीभर आंबट ताक घाल. थंडीमुळं दोनाचे चार दिवस लागतील, घाई करू नको. बोटाला चिकट लागायचं थांबलं म्हंजे खळ गेली. मग तसल्याच कोमट पाण्यात तीनदा खळबळून काढ. झाडूनं खळ दिली हे आणिक कुणाला सांगू नको. चार गावांत माझं नाव हाय.

ताणा सुटला की त्या बाईला इचार, तिचं मऊ सूत खळीबिगर मागावर तुटत कसं न्हाय. चाळीस वर्षं माग चालवतोय, मला हे ठावं न्हाय. तिच्याजवळ बसून नीट बघ आन् मला कळव.

मी तुझ्याशी बोललो न्हाय. मला वाटलं, चार बुकं शिकल्यावर पोरीला आपल्या घरातलं हलकं वाटाय लागलं, म्हणून ती गेली. मग कळालं की एवढ्या लांब जाऊन तू चिंचोके मागवलेस. तवापासून माझा इचार चुकला असं वाटतंय. हे दैवशालाला सांगू नको, डोक्यावर बसंल.

तुझ्या वयाचा होतो तवा मी मेंढरं घिऊन बालाघाट उतरून बीदरपातूर जायचो. आठ आठ महिने. तवा त्याला कुणी सेवा म्हणलं न्हाय, नुसतं पोट म्हणायचे. पण नवा मुलूख बघून मलाबी बरं वाटायचं. घरी पत्र कधी लिवलं न्हाय. तू लिवतीस ते चांगलं हाय.

तुझी आई मधीच येऊन इचारती की काय लिवताव. तिला म्हणलं, मेंढरांचा हिशेब.

संमतीपत्र खाली लिवलंय. दैवशालानं मजकूर सांगितला होता, तो लई गोड होता. म्हणून माझाच लिवला. जपून ऱ्हा. तब्येत कळवत जा, आमी वाट बघतो.

तुझे,
आप्पा

संमतीपत्र

मी व्यंकट मासाळ, रा. बेंबळी, लिहून देतो की माझी मुलगी करिश्मा हिने मेंढरांबरोबर वर जाण्यास माझी हरकत न्हाय. पोरगी चालायला दमत न्हाय. बाजरीची भाकर न्हाय मिळाली तरी तक्रार करत न्हाय. कुणाला न इचारता काम करायची तिला खोड हाय, तवा पुढं ठेवू नका. चुकली तर तिथंच रागवा, घरी पाठवू नका. तिला कळपाच्या मागं ठेवा. लंगडं असू दे, म्हातारं असू दे, मागं पडलेलं एक बी मेंढरू टाकून ती पुढं येणार न्हाय. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

सही
व्यंकट मासाळ