पूजेत विझवलेल्या उदबत्त्या

मनवेलपाडा, विरार
९ फेब्रुवारी २००७

ती. आईस,

इथूनच वाकून नमस्कार. आम्ही बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे?

नोकरी सोडली. घाबरू नकोस, वसुंधराच्या शिकवण्या चालू आहेत.

आमच्या कारखान्यात केळीचे तंतू विरघळवून सेलोफेनसारखे पातळ, पारदर्शक कागद बनतात. त्यासाठी लागणाऱ्या विषारी रसायनाला सडक्या कोबीचा वास येतो. वर्षभर खपून मी तेच काम गार पाण्यात युरिया आणि कॉस्टिक सोडा घालून जमवलं. शेटनी दारावर ‘हरित पद्धत’ अशी पाटी लावली आणि मागच्या शेडमध्ये जुनंच चालू ठेवलं. मला ठाऊक होतं. सहा महिने गप्प बसलो, याची शिसारी येते.

परवा गिऱ्हाईक पाहणीला येणार, म्हणून वास दडपायला शेटनी त्याच शेडमध्ये सत्यनारायण घातला. “अजून लावा उदबत्त्या!” शेट सांगत होते. त्या रसायनाची वाफ उदबत्तीच्या ठिणगीनंही पेटते. मी तांब्याभर पाणी ओतून सगळ्या विझवल्या.

“अहो शिरोडकर, देवापुढची उदबत्ती विझवता? लाज आहे का?” शेट ओरडले.

तोवर पाहणीला आलेल्या गिऱ्हाइकानंही कारण विचारलं. मी सगळं सांगितलं.

खरं बोललो म्हणून कौतुक करू नकोस. जिवाची भीती वाटली, तेव्हा बोललो.

तुझा,
आत्माराम